शेऱ्याचा रकाना

शैक्षणिक कर्जाच्या अर्जात आतल्या पानावर एक चौकट होती. 'पालकाचे नाव' आणि त्याखाली 'विद्यार्थ्याशी नाते'. २०२२ च्या ऑक्टोबरात बँकेतल्या टेबलापाशी बसून मी तिथे माझं नाव घातलं आणि नात्यापुढे 'पती' असं लिहिलं. समोरच्या बाईंनी ते वाचलं, चष्मा वर केला, माझ्या शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे विद्यार्थी मॅडम का?" मग मुलींना व्याजात अर्धा टक्का सवलत असते, असंही सांगितलं. ही 'मुलगी' एकतीस वर्षांची होती आणि तिची मुलगी बाहेरच्या बाकावर आजीच्या मांडीत बसून वेफर्स खात होती.

आम्ही हसलो. पण पालकाच्या चौकटीतली ती सही मी जरा जास्तच मनावर घेतली, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

बायको नर्स होती. डेक्कनच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात, नऊ वर्षं. बारावीला तिचं मेडिकल थोडक्यात हुकलं होतं आणि घरी दुसऱ्यांदा बसायची ऐपत नव्हती. मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला खुल्या गटासाठी पंचविशीची अट होती, त्यामुळे तो विषय आमच्या लग्नाआधीच संपला होता. मार्च २०२२ मध्ये बातमी आली की वयाची वरची मर्यादा काढून टाकली आहे. ती रात्रपाळी करून आली होती. गॅसवर दूध ठेवून तिने ती बातमी वाचली आणि दूध उतू गेलं. आमच्याकडे दूध सहसा माझ्या हातून उतू जातं.

१७ जुलैला ती परीक्षेला गेली तेव्हा गेटवरच्या माणसाने तिला सरळ पालकांच्या रांगेत पाठवलं. निकाल लागला. सरकारी कॉलेजसाठी ते मार्क फारच कमी होते, पण पात्रतेच्या रेषेच्या पुष्कळ वर होते आणि परदेशात शिकायला नीट पात्र असणं पुरतं. पुण्यातल्या अभिमत विद्यापीठांच्या वर्षाच्या फीचे आकडे वीस-पंचवीस लाखांच्या घरात होते. ते आम्ही एकदाच वाचले आणि पान मिटलं. उरले एजंट. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं होतं, तिथली आपली मुलं विमानांनी परत आणली गेली होती. जंगली महाराज रस्त्यावरच्या ज्या ऑफिसात आम्ही गेलो तिथल्या भिंतीवर एका झेंड्याची जागा फिकट पडली होती आणि शेजारी जॉर्जियाचा पाच क्रॉसचा नवा कोरा झेंडा लावलेला होता.

एजंटने कागदावर आकडा लिहिला: 'टोटल पॅकेज २८ लाख'. सहा वर्षांची फी, वर्षाला साडेपाच हजार डॉलर, त्या दिवशीच्या भावाने, म्हणजे सत्तावीस लाख आणि वर त्याचे थोडे. 'टोटल' या शब्दाशी माझं तेव्हापासून वाकडं आहे. त्यात खोलीभाडं नव्हतं, जेवण नव्हतं, विमानाचं तिकीट नव्हतं, तिथल्या रहिवास परवान्याचा खर्च, विमा, थंडीचे कपडे, परत आल्यावरच्या परीक्षेचा क्लास, काहीच नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिचा थांबणारा पगार. महिन्याला चोवीस हजार रुपये. सहा वर्षांचे किती होतात ते मी ऑफिसातून परतताना बसमध्ये मोबाईलवर काढलं. सतरा लाख अठ्ठावीस हजार. पगारवाढ धरलेली नाही. एजंटच्या कागदावर हे येणार नाही हे मान्य, पण तो आकडा मी घरी कोणालाही सांगितला नाही. तो मी माझ्यापाशी ठेवला, आणि असले आकडे एकट्याने जवळ ठेवले की ते आंबतात.

तारणाची गोष्ट निराळी. साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं. आमचा सिंहगड रस्त्यावरचा वन बीएचके आधीच गृहकर्जात अडकलेला. गावाकडे पुरंदर तालुक्यात माझ्या वाट्याची दीड एकर आहे, पण शेतजमीन चालत नाही, एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट हवा, असं बँकेने सांगितलं. मग सासूबाईंनी त्यांचा धनकवडीतला दोन खोल्यांचा फ्लॅट पुढे केला. विधवा बाई, पेन्शन सोडलं तर तेवढंच त्यांच्या नावावर. शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, सोसायटीची एनओसी, बँकेच्या वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, नंतर नोटीस ऑफ इंटिमेशनची नोंदणी. सगळीकडे त्या पर्समध्ये चष्मा, पाण्याची बाटली आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन आल्या. माझी आई घरी म्हणाली, "त्यांची लेक आहे, त्यांनी दिलं तर बिघडलं कुठे?" ते मला तेव्हा बरोबर वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही.

बँकेने २७ लाख मंजूर केले, दरवर्षी साडेचार लाख, साडेदहा टक्क्यांनी. यातली एक मेख मंजुरीपत्र हातात घेऊन पेढे वाटणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कर्ज रुपयांत मंजूर होतं आणि फी डॉलरमध्ये मागतात. आम्ही अर्ज केला त्याच महिन्यात डॉलर पहिल्यांदा ८३ रुपयांच्या वर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये ८५, डिसेंबर २०२५ मध्ये नव्वदी ओलांडली. तेच साडेपाच हजार डॉलर चार लाख छप्पन्न हजारांवरून चार लाख पंच्याण्णव हजारांवर गेले. हप्ता मात्र साडेचार लाखांचाच. मधली फट आपल्या खिशातून भरायची. पूर्वी मी पेपरात क्रिकेटचं पान आधी उघडायचो.

हप्ते कोर्स संपून वर्षभराने सुरू होतात, तोवर साधं व्याज धरलं जातं. ते साचू द्यायचं नाही, दरमहा भरायचं असं मी ठरवलं. पहिल्या वर्षी महिन्याला चार हजारांच्याही आत. दुसऱ्या वर्षी दुप्पट. आता चौथा हप्ता गेल्यावर १५,७५०. जिन्यासारखं आहे ते, दरवर्षी एक पायरी, आणि ओझं वाढत जातं. कर्जात माझं नाव सहकर्जदार म्हणून होतं ते एका अर्थी बरं झालं. कलम ८०ई मध्ये बायकोच्या शिक्षणाच्या कर्जाचं व्याजही वजावटीला चालतं, आठ वर्षांपर्यंत, त्याला वरची मर्यादा नाही. कर्ज एकट्या तिच्या नावावर असतं तर तिला उत्पन्नच नाही, वजावट घेणार कोण? फक्त ही सोय जुन्या करपद्धतीत आहे. ऑफिसातले सगळे नव्या पद्धतीत गेले, मी गृहकर्ज आणि हे व्याज कवटाळून जुन्यात बसलो आहे. मुलांच्या शाळेची फी ८०सी मध्ये दाखवता येते, बायकोची नाही. म्हणजे आयकर खात्याच्या लेखी ती शिकते आहे, पण अर्धीच.

पैसे पाठवणं ही एक वेगळी विद्या आहे. ए-२ फॉर्म, त्यात उद्देशाचा कोड एस०३०५, वर्षभरात सात लाखांच्या पुढे स्वतःच्या खिशातून गेले की तेव्हा पाच टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापलेला कर (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली). ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरलं की वळते होतात, पण वर्षभर अडकतात. अडकलेले पाच हजार आणि गेलेले पाच हजार यांतला फरक महिनाअखेरीला समजावून सांगणं कठीण असतं. पहिल्याच खेपेला मी वाटेतल्या बँकेचे आकार कोणी सोसायचे या रकान्यात चुकीची खूण केली. युनिव्हर्सिटीत बावीस डॉलर कमी पोचले आणि तिचं नाव थकबाकीदारांच्या यादीत लागलं. पहिल्या सेमिस्टरला, तिथल्या फलकावर. तिने ते बावीस डॉलर रोख भरले आणि मला फोटो पाठवला. खाली हसणारा चेहरा होता. ती कोणता चेहरा करून तो टाईप करत होती ते मला दिसत नव्हतं.

सोन्याबद्दल लिहिलं नाही तर नातेवाईक रागावतील. तिच्या पाटल्या आणि एक चपलाहार, सगळं मिळून पाच तोळे, आम्ही लक्ष्मी रोडवर मोडलं. तेव्हा चोख सोन्याचा भाव तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास होता. घट धरून जे आलं त्यात एजंटचा पहिला हप्ता, तिकीट आणि जॅकेट निघालं. आता भाव कुठे गेलाय हे सांगायला माझी आत्या महिन्यातून एकदा फोन करते. "तारण ठेवायला हवं होतं रे, मोडायचं नसतं." बरोबर आहे तिचं. सोनं मोडलं तेव्हा ती काहीच बोलली नव्हती, हेही खरं.

सोसायटीत मला 'गोपाळराव' म्हणतात. कट्ट्यावरच्या एका निवृत्त मास्तरांनी सुरुवात केली. गोपाळराव जोशींच्या पत्नी आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला इथे पुण्यातच गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ही उपमा शुभ आहे असं मास्तरांना का वाटतं ते मला कळलेलं नाही. पण मी घरी येऊन त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. गोपाळरावांचा हट्ट, संताप, त्यांची टोचणारी पत्रं याबद्दल खूप लिहिलेलं सापडतं. टपाल खात्यातल्या नोकराच्या पगारात तीन वर्षं हे चाललं कसं, बायको न्यूजर्सीत परक्या बाईच्या घरी राहत असताना इकडे या माणसाच्या मनात रात्री कोणती बेरीज चालायची, ते मी शोधत होतो. टोचणाऱ्या पत्रांवरून काही अंदाज मात्र आला. पैसे पाठवणाऱ्याच्या किंवा पाठवू न शकणाऱ्याच्या हातून कसली वाक्यं लिहिली जातात, ते मला ओळखीचं वाटलं.

कारण मी पत्रं नाही, पण एक्सेल शीट चालवत होतो.

शीटचं नाव 'तिबिलिसी', जॉर्जियातलं तिचं शहर. तारीख, तपशील, लारी, रुपये, शेरा. लारी हे तिथलं चलन, तेव्हा एक लारी म्हणजे तीस-एकतीस रुपये. बायको रोज रात्री लिहायची. तिचे नऊ वाजले की आमचे साडेदहा, तेव्हा लेक झोपलेली असायची आणि मी शीट उघडायचो. मेट्रो २ लारी. भाजी ११. ब्रेड. राजमा (तिथे त्याला लोबिओ म्हणतात आणि तो आपल्यासारखाच लागतो, फक्त कोथिंबीर जास्त). शेऱ्याचा रकाना मी केला होता, तिच्यासाठी. म्हणजे काही वेगळं असेल तर तिने खुलासा लिहावा म्हणून. महिनाभरात तो माझा झाला. 'हे दोनदा का?' 'मागच्या आठवड्यात घेतलं होतं ना?' 'कॉफी ७ लारी = २१५ रु.!!' उद्गारचिन्हं दोन होती. मी नंतर मोजली.

त्यानंतर कॉफी कधी दिसली नाही. मला वाटलं, वा, लागलं वळण.

माझी बाजूही सांगतो. ती होती तेव्हा आमच्या घरात काही कामांना दर नव्हता. ती गेल्यावर एकेका कामाला दर फुटला. पोळ्यांच्या मावशी तीन हजार. शाळेनंतर दोन तास पाळणाघर, कारण आईचे गुडघे, साडेचार हजार. व्हॅन. लेकीला ताप आला की माझी बिनपगारी रजा. आईने तिच्या भिशीचे साठ हजार एकदा आणून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाली, "हे तुला, तिला नव्हे." भोसरीच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या मालातल्या चुका काढायच्या, घरी येऊन भाजीत मीठ आहे का बघायचं आणि मग शीट. दमलेल्या माणसाला शेरा मारणं हाच एक आराम असतो.

जानेवारी २०२४. व्हिडिओ कॉलवर तिचा आवाज बसलेला. मागे तिची रूममेट, नाशिकची, तिच्याहून बारा वर्षांनी लहान पोरगी. ती मध्येच कॅमेऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "दादा, ताईंना बूट घ्यायला सांगा ना. बर्फातून स्पोर्ट्स शूज घालून जातात. मोजे हीटरवर वाळवून परत तेच." बायकोने फोन फिरवून छताकडे केला. बराच वेळ मला नुसता एक बल्ब दिसत होता.

"अगं, बूट का नाही घेतलेस?"

"एकशे साठ लारी आहेत."

"मग?"

"मग काय. शेऱ्यात काय लिहिशील, ते माहीत होतं."

ती रागावून बोलली असती तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं.

त्या आठवड्यात मी मालमत्ता कराची जुनी पावती शोधत होतो. माळ्यावरच्या पिशवीत जुनी कालनिर्णयं निघाली. आमच्याकडे ती टाकत नाहीत, पाठीमागच्या पाककृतींसाठी आई ठेवते. २०२० चं मी उघडलं. लॉकडाउनमध्ये आमच्या कंपनीने पाच महिने अर्धा पगार दिला होता. ही तेव्हा कोव्हिड वॉर्डात होती. बारा तास तो प्लॅस्टिकचा पोशाख, घरी आली की बाथरूममध्ये आधी, मग लेकीला लांबून हात. गृहकर्जाचा हप्ता तिच्या खात्यातून जायचा. कालनिर्णयच्या चौकटीत ती दुधाचे रतीब मांडायची: एक, एक, दीड, खाडा. मे ते सप्टेंबर, प्रत्येक महिन्यात माझ्या पगाराच्या तारखेला तिने बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला होता. 'अर्धा.' त्यापुढे काही नाही. त्या पाच महिन्यांत मी दाढीचं सामान, डेटा पॅक, एकदा तर ऑनलाइन बुद्धिबळाचं सदस्यत्व घेतलं होतं. तिने एकदाही विचारलं नव्हतं.

मी ते कालनिर्णय परत पिशवीत ठेवलं. तिला सांगितलं नाही, अजूनही नाही. आता हे वाचून कळेल.

शीटमधला शेऱ्याचा रकाना मी पुसला. लगेच फोन आला. तिला वाटलं मी चिडून शीटच बंद करतोय. "हिशोब ठेवायचा की नाही? मला तरी कळायला नको का पैसे कुठे जातात?" तिचं म्हणणं रास्त होतं. हिशोब तिलाही हवा होता. नऊ वर्षं रात्रपाळीच्या पैशांतून लाइटबिल, किराणा, लेकीची पोलिओपासूनची सगळी पाकिटं तिनेच चालवली होती. तिला हिशोबाची अडचण नव्हतीच. तिला तपासनीस नको होता. पालकाच्या चौकटीत सही केलेला माणूस नको होता.

आता ती चौथ्या वर्षात आहे. पुढचं गणित मी पाठ म्हणू शकतो. किमान चौपन्न महिन्यांचा अभ्यास, बारा महिने तिथली इंटर्नशिप, मग भारतात तीनशे प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला दीडशे. वर्षात दोनदा होते आणि बहुतेक वेळा पाचातला नाहीतर चारातला एकच सुटतो. मग इथे पुन्हा बारा महिने इंटर्नशिप. सगळं मिळून दहा वर्षांच्या आत. कर्जाचे हप्ते २०२९ मध्ये सुरू होतील, पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिना तीस हजारांच्या आसपास. म्हणजे तिचा डॉक्टर म्हणून पहिला पगार यायच्या आधी पहिला हप्ता जाईल, आणि शेवटचा जाईल तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची असेल. मॅनेजरांनी हे आकडे समजावताना वयाशी येऊन आवाज खाली केला होता. तिने स्वतःच सांगितलं, "सर, नर्स म्हणूनही त्रेपन्नाव्या वर्षी मी कामच करत असणार होते."

ती पास होईल का? लोक मला हे विचारतात, तिला विचारत नाहीत. तिने नऊ वर्षं हाताने केलेल्या गोष्टी आता ती पुस्तकात वाचते आणि कधी कधी रात्री फोनवर म्हणते, "अच्छा, म्हणून ते इंजेक्शन सावकाश द्यायला सांगायचे." त्या वेळी तिचा आवाज वेगळा असतो. तो कुठल्या रकान्यात घालायचा ते मला माहीत नाही.

मागच्या ऑगस्टमध्ये ती महिनाभर येऊन गेली. जाताना मुंबई विमानतळावर, लेक ट्रॉलीवर बसलेली, बॅगेत चार किलो भाजणी आणि गोडा मसाला, तेव्हा तिने विचारलं, "तुझा हिशोब कुठे असतो?"

"माझा?"

"मी पाठवते तसा."

मला हे आजवर सुचलंच नव्हतं. त्या शीटमध्ये तिनेच शारजाच्या विमानतळावर बसून एक नवा कप्पा केला. नाव 'पुणे'. रकाने तेच, शेऱ्यासकट. आता रात्री साडेदहाला मीही लिहितो. पेट्रोल ३००. पोळ्यांच्या मावशींना उचल १,०००. लेकीच्या वाढदिवसाचे फुगे. काल रविवार होता. अमृततुल्यचा चहा दोन, क्रीमरोल, आणि संध्याकाळी नवले पुलाखाली वडापाव, असं मी प्रामाणिकपणे टाकलं. सकाळी पाहिलं तर शेऱ्यात लिहिलेलं होतं:

'वडापाव किती? आकडा लिहिलेला नाही. कोलेस्टेरॉलचा रिपोर्टही पाठव!!'